गाडीला छत लावायचं की शेजारी तंबू ठोकायचा?

ईको किंवा ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटा काढून झोपायची सोय केली की पहिल्याच मुक्कामात एक गोष्ट कळते: आत झोपता येतं, वावरता येत नाही. चहा टाकायला, पत्ते कुटायला, चिखलाच्या चपला काढायला दाराबाहेर आडोसा लागतोच. त्यासाठी दोन मुख्य पर्याय आहेत. साइड ऑनिंग म्हणजे टपाच्या कडेला कायम बसवलेलं, गुंडाळी ओढून उघडायचं छत. ड्राइव्ह-अवे ऑनिंग हा स्वतःच्या पायांवर उभा राहणारा तंबू. तो कापडी बोगद्याने दाराला जोडायचा, आणि जोड सोडली की तंबू तिथेच ठेवून गाडी घेऊन फिरायला मोकळे.

मी आधी एवढंच विचारेन: एका जागी किती रात्री काढता?

शनिवारी पवनेच्या काठी, रविवारी रात्री घरी, असा शिरस्ता असेल तर साइड ऑनिंग घ्या. पाच-दहा मिनिटांत उघडतं, आवरतंही तितक्याच वेळात. पण ते गाडीलाच चिकटलेलं. सकाळी दूध आणायला गाडी काढायची, तर आधी सगळं गुंडाळा. कनाती वेगळ्या लावता येतात, तरी गाडीच्या पोटाखालून वारा यायचा तो येतोच.

पावसात तर या छताचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. अडीच मीटर बाय दोन मीटर म्हणजे पाच चौरस मीटर कापड. त्यावर सरासरी एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी पन्नास किलो वजन होतं. मुळशीला एका जुलैत मी छत सपाट ताणून ठेवलं आणि निवांत झोपलो. सकाळी एक आडवा दांडा वाकलेला. तेव्हापासून एक कोपरा वीतभर खाली घेतो, पाणी आपोआप वाहून जातं.

दिवेआगर-गुहागरला तीन-चार रात्री, सोबत मुलं, असं असेल तर मात्र ड्राइव्ह-अवेला तोड नाही. सामान आत पसरलेलं राहतं आणि एकजण गाडी घेऊन मासळी आणायला जातो. परत आल्यावर गाडी नेमकी त्याच जागी लावणं ही खरी कसरत, म्हणून निघण्यापूर्वी चाकांपाशी दोन दगड ठेवावेत. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. रिकाम्या पोत्यांत वाळू भरून तणावे त्यांना बांधायचे. तळ शिवलेला तंबू घ्या. विंचवाकिरड्यांची धास्ती कमी होते.

घेताना गाडीची उंची मोजा. ईको साधारण १.८ मीटर, ट्रॅव्हलर त्याहून बरीच उंच. एकीचा बोगदा दुसरीला बसत नाही. परदेशी ऑनिंग घेत असाल तर बाजूही विचारा. आपलं दार डावीकडे, युरोपात बहुतेक ठिकाणी उजवीकडे.

हवा भरून उभे राहणारे तंबू दिसायला झकास आणि उभारायला झटपट. तरी मी पोलचाच घेईन. पोल मोडला तर पाइपचा तुकडा सरकवून वेळ मारून नेता येते. हवेची नळी फाटली तर तिची बदली नळी आडगावात कुठून आणणार?

कापडावर ३००० मिमी लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते पेलतं. आपल्या पावसाला मी याखाली जाणार नाही. शिवणींवर आतून टेप आहे ना, तेही पाहा. पॉलिकॉटनच्या आत पॉलिस्टरपेक्षा कमी दव धरतं, पण ते जड आणि वाळायला आळशी. ओला तंबू फ्लॅटच्या गॅलरीत मावत नाही आणि सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागायला गेलं की चौकशी समिती बसते. तसाच घडी करून ठेवला तर बुरशी ठरलेली. म्हणून मी पॉलिस्टरवाला.

कोणताही घ्या, बंद तंबूत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

अजून मन ठरत नसेल तर पुण्याच्या बोहरी आळीतून ताडपत्री, दोरी आणि दोन काठ्या आणा. एक कड टपावरच्या कॅरिअरला बांधा, दुसरी काठ्यांवर ताणा. माझं पहिलं वर्ष तेवढ्यावरच निघालं. ताडपत्री अजून गाडीत असते, आता ती तंबूखाली अंथरतो.