आठ महिने, तीन वाचनं: १८१७ च्या नाताळातली हलकीफुलकी प्रेमकथा

गेल्या डिसेंबरात ही इंग्रजी कादंबरी मागवली, आता ऑगस्टपर्यंत तीनदा वाचून झाली. दोनदा माझी मी, आणि एकदा दुपारच्या चहानंतर सासूबाईंना, तोंडानेच मराठी करत करत.

गोष्टीत नवल काही नाही. बर्फात बग्गी अडकते, नायिका नको त्या माणसाच्या हवेलीत येऊन पडते आणि नाताळचे बारा दिवस तिथेच जातात. पुढे काय होणार ते पाचव्या पानावर कळतं, त्याने काही बिघडत नाही. खरी गंमत रीतिभातींत आहे. घरात टांगलेल्या मिसलटो नावाच्या झुडपाच्या डहाळीखाली एक पापा घेतला की एक पांढरं फळ तोडायचं. फळं संपली, पापे बंद. "म्हणजे रेशनच की गं!" सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून ती दोघं जवळ आली की ह्या विचारणार, "किती उरली?" पेटत्या ब्रँडीतून मनुके उचलायच्या खेळाचं वर्णनही झकास. आमच्या इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, कढईतून काढलेला गराडू (तळलेला कंद) लगेच उचलणाऱ्याला ते विशेष कळेल.

लेखिकेने अभ्यास केलाय. हवेलीत ख्रिसमस ट्री नाही, ग्रीटिंग कार्डं नाहीत. बरोबरच आहे, कार्डं आली १८४३ मध्ये, आणि झाडाची हौस पसरली ती व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं चित्र १८४८ मध्ये छापून आल्यावर. पण मग इंग्लंडची राजकन्या शार्लट कशी विसरली? ६ नोव्हेंबर १८१७ ला ती बाळंतपणात गेली, सगळा देश काळ्या कपड्यांत होता आणि आमची नायिका पिवळ्या रेशमात नाचतेय! एक वाक्य टाकलं असतं तरी भागलं असतं.

इंदूरच्या माणसाला आणखी एक गोष्ट खुपते. नायकाचा धाकटा भाऊ हिंदुस्थानात पलटणीत आहे, अधूनमधून त्याच्या नावाने पेले उंचावतात. त्याच वर्षी २१ डिसेंबरला महिदपूरला क्षिप्रेकाठी आमच्या होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली होती. शेवटच्या प्रकरणात ६ जानेवारीला केक कापून, चिठ्ठ्या काढून कुणाला राजा, कुणाला राणी करतात. आणि इकडे ६ जानेवारी १८१८ लाच हरलेल्या होळकरांचा इंग्रजांशी मंदसौरचा तह. आमचे राजे, दुसरे मल्हारराव होळकर, तेव्हा अवघे अकरा वर्षांचे. तारीख जुळतेय हे मला दुसऱ्या वाचनात लक्षात आलं. सासूबाईंना सांगितलं तर घटकाभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि ह्यांना केक!" जरा वेळाने: "बरं, पुढे वाच."

छपाई ठीक, बांधणी मात्र अगदी टाकाऊ. मे महिन्यात डिंक सुटून पानं हातात आली. विकणाऱ्याने मुदत संपल्याचं सांगून हात झटकले. शेवटी खजुरी बाजारात बाइंडिंग करून घेतलं, तर तिथे चार पानं मागेपुढे लागली. आता आधी मागणी घातली जाते आणि मग त्यांचं कडाक्याचं भांडण होतं. मी ती पानं पुन्हा नीट लावून आणणार होते. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, असंच बरोबर वाटतंय.