सचेत अॅप : पूर आल्यावर सुचलं, पण बरं सुचलं

2024 च्या ऑगस्टात बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा माझ्या फोनमधलं भलतंच एक अॅप (नाव नको) गोंडस ढग दाखवत होतं, स्कूटी गेली ती गेलीच. मग दांडिया बाजारच्या मावशीने एनडीएमएचं (म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं) सचेत हे इशारे देणारं अॅप टाकायला लावलं. फुकट आहे, आपल्या भागापुरता इशारा येतो, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे हलाच आता. आणि भारी म्हणजे इशारे ज्या कॅप फॉरमॅटमधे (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, इशारे लिहायचा एक ठरलेला साचा) निघतात तोच जगभर चालतो, त्यामुळे जागतिक हवामान संघटनेच्या साइटवर कितीतरी देशांचे सरकारी इशारे एकाच नकाशात दिसतात, बहीण मनिलाला असते, तिकडचं वादळ मी इथून बघते. आई मात्र अजून बेडकांवरच भरवसा ठेवून आहे.