सायनोटाइपचा किट घेतला, कागद सोडून सगळं आवडलं

कॅमेऱ्याशिवाय फोटो कसा काढतात हे खूप दिवस करून बघायचं होतं, म्हणून ऑनलाइन सायनोटाइपचा (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळं चित्र उमटवायची पद्धत) किट मागवला आणि दोन महिने नीट वापरून मगच लिहितेय.

आत दोन बाटल्या, एक फोमचा ब्रश आणि २० कागद. एका बाटलीत फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्हीत खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं आणि लागेल तेव्हा सारखं सारखं घेऊन मिसळायचं, कागदावर लावायचं, अंधारात वाळवायचं. डार्करूम लागत नाही, मंद पिवळा बल्ब चालतो, ऊन मात्र लागू द्यायचं नाही. ग्लोव्ह्ज घाला, आणि स्वयंपाकाची भांडी अजिबात वापरू नका.

पहिल्यांदा शेवग्याची डहाळी ठेवली, वर फोटोफ्रेमची काच दाबली आणि भर दुपारी गच्चीत आठ मिनिटं. पोपटी कागद आधी निळसर, मग राखाडी झाला, नळाखाली धरला तर पिवळं पाणी वाहून गेलं आणि खाली पानन्‌पान पांढरंशुभ्र, भोवती गडद निळा!! आईला हाक मारून दाखवलं, तिने लगेच तिचा क्रोशाचा रुमाल आणून दिला, त्याचा तर याहून सुंदर आला. निळा रंग दुसऱ्या दिवशी आणखी गडद होतो. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं टाका.

ही पद्धत इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने समुद्रातल्या शेवाळांचे असे ठसे घेऊन पुस्तक करायला घेतलं, कारण इतके बारीक तंतू हाताने अचूक काढणं अवघड. शेवग्याची पानं बघितल्यावर मला ते खरंच पटलं.

आता तक्रार. किटमधला कागद पातळ आहे, धुताना फाटतो आणि त्यावरचा निळा रंग आठवड्यात फिका पडला. कागदात चुनखडी असेल तर असं होतं, या निळ्याला अल्कली (चुना, सोडा असले पदार्थ) सोसत नाही (कापडावर छापलं तर वॉशिंग पावडरने धुऊ नका, माझा एक रुमाल तसाच गेला). मी पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून जाड कागद आणला, त्यावर मस्त येतं. माहितीपत्रकात उन्हाची वेळ २० ते ३० मिनिटं दिलीये, आपल्याकडच्या उन्हाला ती फार जास्त आहे, आधी छोटे तुकडे ठेवून वेळ ठरवा.

रसायनं संपत आली तेव्हा हळदही करून बघितली. स्पिरिटमध्ये कालवून कागदावर लावली, वर पान ठेवून दिवसभर उन्हात, उघडा भाग फिका पडतो आणि पानाखाली पिवळं राहतं, मग टाकणखाराच्या पाण्यात बुडवलं की तेच लालसर होतं, हळदीचं कुंकू करतात ना तसंच.

किटला पाचपैकी चार. पुढच्या वेळी मी फक्त बाटल्यांचा रिफिल घेणार, कागद आपला आपण आणायचा.