दंडावरचा शुगर सेन्सर: पोह्यांचं कमी, डोक्याचं जास्त कळलं

दंडाला चिकटवायचा तो गोल शुगर सेन्सर घ्यावा का असं बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव नाही लिहीत, बाजारात दोन-चार कंपन्यांचे मिळतात आणि काम जवळपास सारखंच. मला टाईप टू डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. दुपारची शुगर ठीक यायची पण सकाळची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची, काही केल्या खाली येईना, रात्री अर्धीच पोळी खाऊन झोपले तरी सकाळी आकडा तसाच, तेव्हा डॉक्टर म्हणाले एकदा सेन्सर लावून बघू. गीता भवनाकडच्या एका मेडिकलवाल्याने मागवून दिला. स्वस्त नाहीये, आधीच सांगते.

लावायला एकदम सोपा. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटने पुसायचं, ती डबी टेकवून दाबायची, खट्ट आवाज येतो आणि झालं. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते, आत राहतो फक्त केसासारखा एक बारीक तंतू. खरंच दुखत नाही. १४ दिवस चालतो आणि शुगरची रेघ फोनवर दाखवत राहतो. ब्लाऊजची बाही नेमकी त्याच्यावर येते आणि दाराच्या चौकटीला तो हमखास आपटतो, हे मात्र पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आता खाण्याचं. पोहे-जलेबीने शुगर चढते हे समजायला एवढे पैसे घालायची गरज नाही, इंदूरात राहून तेवढं कळतंच. सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ल्यावर रेघ कशी वर जाते तेही बघून झालं, दोन दिवस मजा वाटते मग कंटाळा येतो.

खरी गंमत रात्रीच्या ग्राफमध्ये आहे. मध्यरात्रीपर्यंत रेघ सरळ, आणि पहाटे चारच्या सुमाराला हळूहळू चढायला लागते, म्हणजे मी गाढ झोपेत आणि शुगर आपली चाललीय वर. सासूबाईंनी फोनवर तो ग्राफ बघितला आणि सरळ विचारलं, "रात्री फ्रीज उघडला होतास का गं?" श्रीखंड होतं ना फ्रीजमध्ये. म्हटलं "अहो आई, मी झोपले होते!" पण त्यांचा काही विश्वास बसला नाही, डबा उघडून बघून आल्या.

डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले ही शुगर तुमच्या तोंडातून गेलेलीच नाही, लिव्हरने साठ्यातून सोडलीय, आणि लिव्हरला तसं करायला लावलंय मेंदूने. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून एक छोटासा भाग असतो, शरीराचं घड्याळही तिथेच. उठायची वेळ जवळ आली की तिथून निरोप सुटतात, कॉर्टिसोल हे हार्मोन वाढतं, रात्रीच्या झोपेतलं ग्रोथ हार्मोन असतंच, आणि लिव्हर रक्तात ग्लुकोज सोडायला लागतं म्हणजे उठल्यावर अंगात ताकद हवी ना. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. ज्यांना डायबिटीस नाही त्यांचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडतं, त्यामुळे आकडा हलत नाही. आपलं तेवढं पुरं पडत नाही, म्हणून सकाळी फास्टिंग वाढलेली. मी इकडे रात्रीच्या अर्ध्या पोळीला दोष देतेय!

मग मी नुसत्या जेवणाकडे बघणं सोडलं आणि दिवसभराकडे बघायला लागले. ऑफिसात ऑडिट होतं त्या दिवशी सकाळपासून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा, आणि ऑडिटवाले समोर बसल्या बसल्या रेघ वर. नंतर कळलं की टेन्शनमध्ये अॅड्रेनलिन सुटतं तेवढंच नाही, मेंदूकडून निघालेल्या नसा थेट लिव्हरपर्यंत पोचलेल्या असतात, निरोप पोचायला रक्तातून जाणाऱ्या हार्मोनचीच वाट बघावी लागते असं नाही. आणि शेजारच्या लग्नाचा डीजे ज्या रात्री दोन वाजेपर्यंत वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी तीच दोन पोळ्या-भाजी, तेवढंच वरण, आणि रेघ नेहमीपेक्षा वर. झोप कमी झाली की इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणतात, ते डोळ्यांनी बघितलं.

यावर मी जरा वाचत बसले (यांना वाटलं मी डॉक्टर व्हायला निघाले), तर हे काही नवीन नाहीच. क्लोद बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या मागच्या खालच्या भागात सुई टोचली आणि त्या सशाच्या लघवीत साखर यायला लागली! म्हणजे इन्सुलिन सापडायच्या कितीतरी आधी. नंतर १९२१ मध्ये टोरांटोला इन्सुलिन सापडलं, माणसं मरायची वाचली, आणि साहजिकच सगळ्यांचं लक्ष स्वादुपिंडावर गेलं. मेंदू मागे पडला. आता परत त्यावर काम चाललंय, २००९ मध्ये अमेरिकेत ब्रोमोक्रिप्टीन या गोळीला टाईप टू साठी मान्यता मिळाली, ती सकाळी घ्यायची असते आणि ती मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या मार्गाने काम करते, इन्सुलिन वाढवत नाही. ही वाचून स्वतःच सुरू करू नका हां, मला डॉक्टरांनी दिलेली नाही.

मेंदूला एवढी काळजी का, तर त्याचं स्वतःचं पोट या शुगरवरच आहे. वजन शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास, दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज, आणि साठवून जवळपास काहीच ठेवत नाही. त्यामुळे शुगर ७० च्या खाली सरकायला लागली की तो धावपळ सुरू करतो, ग्लुकॅगॉन आणि अॅड्रेनलिन ही शुगर वाढवणारी हार्मोन्स, हात थरथरणं, घाम, सडकून भूक. पण ज्यांची शुगर वारंवार खाली जाते त्यांच्या मेंदूला त्याची सवय होते आणि तो धोक्याची घंटाच वाजवेनासा होतो, माणूस बोलता बोलता चक्कर येऊन पडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हा सेन्सर खरा कामाचा आहे तो यासाठी, आतली घंटा बंद पडली तरी फोनची वाजते.

आता तक्रारी. फोनची घंटा कधी कधी उगाच वाजते. एकदा रात्री ५८ दाखवून घरभर सगळ्यांना उठवलं, यांनी धावत ग्लुकोजचं पाणी केलं, बोटातून रक्त काढून मशीनवर बघितलं तर १०४. मी त्याच दंडावर झोपले होते, दाबामुळे आकडा खोटा खाली येतो. शिवाय हा रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे चालतो, भरभर चढ-उतार असला की फरक दिसतो.

सगळ्यात मोठा राग अॅपवर. रेघ वर गेली की लाल रंग आणि खाली प्रश्न, तुम्ही काय खाल्लंत? अहो काही नाही खाल्लं! झोप किती झाली, टेन्शन होतं का, आजारी आहात का, हे लिहायला धड जागाच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे लावलं तर तो बिचारा पहाटेची रेघ बघून जेवणच सोडेल. कस्टमर केअरला हे सांगितलं तर "मॅडम नोट कर लिया है", बस.

माझे पाचपैकी साडेतीन. इन्सुलिनवाल्यांनी डॉक्टरांना विचारून नक्की घ्या. माझ्यासारख्या गोळ्यांवाल्यांनी एकदा लावा, ग्राफ डॉक्टरांसमोर ठेवा, दर महिन्याला लावायची गरज मला तरी वाटत नाही. माझी पहाटे चढणारी रेघ बघून डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, फास्टिंग थोडी उतरलीय. बोटातून रक्त काढायचं मशीन मात्र फेकू नका. आणि मे महिन्यात लावणार असाल तर वरून चिकटवायची पट्टी वेगळी मागून घ्या, इंदूरच्या घामात कडा सुटतात आणि अर्ध्यात निघाला तर बदलून देताना खूप हेलपाटे घालायला लावतात.