पाटीवर 850 किलो, काट्यावर 1,610: कॅरॅव्हॅन घेताना माझी झालेली फसवणूक

आईच्या गुडघ्यांमुळे हा विषय सुरू झाला. तिला हरिहरेश्वरला जायचं होतं, आणि वाटेतल्या हॉटेलांच्या संडासात तिला खाली बसवत नाही. कमोड आणि पलंग असलेली कॅरॅव्हॅन गाडीमागे जोडून न्यायची, असं मी मनावर घेतलं. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून असे व्हिडिओही बघत होतो. गाडी घरचीच होती: 2010 ची सफारी, 2.2 लिटर डिझेल, फोर बाय फोर.

नाशिकमध्ये औद्योगिक वसाहतीजवळ फूड व्हॅन आणि रसवंतीच्या गाड्या बांधून देणारा एक जण मला ओळखीतून कळला. त्याच्या शेडमध्ये पांढरी, निळ्या पट्ट्याची कॅरॅव्हॅन तयार उभी होती. आत कमोड, दोन बर्थ, छोटा ओटा, दीडशे लिटरची पाण्याची टाकी. आईला आवडेल अशी स्वच्छ. बाहेर ॲल्युमिनिअमची पाटी रिव्हेट मारून लावलेली: वजन 850 किलो.

मी वजनाचं विचारलं, तेव्हा त्याने माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. "काका, फोर बाय फोर आहे तुमची. चारही चाकं ओढतात. 320 चा टॉर्क आहे, हत्ती बांधा मागे." मी विश्वास ठेवला. इथेच पहिली फसवणूक झाली, म्हणून नीट सांगतो. फोर बाय फोरचा आणि वजन ओढून थांबवण्याच्या ताकदीचा फारसा संबंध नाही. सफारीसारख्या गाडीत फोर बाय फोर हे चिखल, वाळू, ओलं गवत यासाठी असतं. कोरड्या डांबरावर ते लावून वळणं घेतली, तर पुढच्या-मागच्या चाकांचा फरक सामावायला जागा नसते आणि गिअरचे भाग ताणले जातात. हायवेवर आपण मागच्या दोन चाकांवरच चालवत असतो. आणि टॉर्कने गाडी पुढे जाते. ती थांबवायचं काम ब्रेकचं.

ब्रेकबद्दलही विचारलं होतं. तो म्हणाला, "धक्क्याचे ब्रेक आहेत." ही पद्धत खरी आहे. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंगमधला, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडणीतला, दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. कपलिंगवर रबरी घडीचं आवरण होतं, हाताने ओढायचा लिव्हरही होता. लिव्हर ओढून त्याने दाखवला, 'कट' असा आवाज आला. मी मान डोलावली. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं बंधनकारक आहे, हे मला वाचून माहीत होतं. तरी खाली वाकून बघितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

व्यवहार 6,40,000 चा ठरला. 50,000 इसार दिला. टोइंग हुक त्यानेच बसवून दिला. गंगापूर रोडला रिकामी कॅरॅव्हॅन जोडून सहा किलोमीटर फिरवून आणली. सपाट रस्ता, टाकी कोरडी. अशा ट्रायलने काहीही कळत नाही.

दिवाळीनंतर निघालो. टाकी भरलेली, भांडी, गाद्या. शेडमधून गाडी ताब्यात घेताना तो म्हणाला होता, "आजींना मागे झोपवूनच न्या ना." आईला मी पुढे माझ्याशेजारी बसवलं. ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅनमध्ये चालत्या रस्त्यावर माणूस बसवू नये, एवढं मला ठाऊक होतं. तिथे सीटबेल्ट नसतो, आणि काही झालं तर आतला माणूस सामानासारखा फेकला जातो.

वाडीवऱ्हे ओलांडून 80 चा वेग झाला. मागून ट्रक पुढे गेला आणि कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हलायला लागली. स्टिअरिंग हलकं झालं. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, तेव्हा ती हळूहळू शांत झाली. जोरात ब्रेक मारला असता तर कदाचित आडवी झाली असती. कारण नंतर समजलं: ओटा आणि टाकी दोन्ही एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, मागे. पाणी लिटरला किलो, म्हणजे दीडशे किलो मागच्या टोकाला. त्यामुळे कॅरॅव्हॅनचं पुढचं टोक वर उचललं जात होतं. जोडणीच्या गोळ्यावर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग दाबून बसायला हवा. घरातला वजनकाटा आणि एक लाकडी ठोकळा एवढ्यावर हे मोजता येतं.

घोटीनंतर चढाला तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला. 13 वर्षांचा रेडिएटर, आत क्षार बसलेला. एसी बंद केला. आई म्हणाली, "हळू घे रे, घाई नाही." मी हळू घेतलं, पण परत फिरलो नाही.

कसारा घाट उतरताना दुसऱ्या वळणापासून मागून ढकलल्यासारखं वाटायला लागलं. ब्रेक दाबला की गाडी मंदावते, आणि लगेच मागून रेटा. चार-पाच वळणांत ब्रेकचा जळका वास आला, पेडल मऊ होऊन खाली गेलं. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला टाकली, इंजिन ओरडलं, आईने माझा हात घट्ट धरला. तो हात सोडवून स्टिअरिंग धरावं लागलं. कशीबशी खाली उतरून मोकळी जागा मिळाली तिथे थांबलो. चाकांतून धूर येत होता.

पुढे जायची हिंमत नव्हती. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा ट्रक, मागवून कॅरॅव्हॅन नाशिकला परत आणली. क्रेनवाला चढवतानाच म्हणाला, "भाऊ, हे साडेआठशे किलो नाही." पाथर्डी फाट्याकडच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रक मोजला, उतरवून रिकामा मोजला. कांद्याची गाडी मोजतात तसंच. 1,610 किलो. पाणी आणि आमचं सामान वजा केलं तरी साडेतेराशेच्या खाली येत नव्हती.

मग मिस्त्रीने चाकं काढली. ड्रम उघडला आणि आत हात घालून मला बोलावलं. ड्रमची आतली बाजू कोरी, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शूज नव्हतेच. लिव्हरपासून निघालेली केबल एक्सलच्या आधीच कापलेली आणि बाइंडिंग वायरने चेसिसला बांधलेली. शेडमध्ये ऐकलेला तो 'कट' आवाज नुसत्या लिव्हरच्या दात्यांचा होता. टोइंग हुक चेसिसच्या दोन लांब बीमना धरून बसवायला हवा. माझा मागच्या पातळ आडव्या पट्टीला चार बोल्टांनी लावलेला. गोल भोकं ओढून लांबट झाली होती, एका भोकाला बोटभर चीर. घाटात ती पट्टी सुटली असती तर सेफ्टी चेन तरी असायला हवी होती. ती नव्हती.

कागदांचं त्याहून वाईट. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेही वाहनच, त्याची नोंदणी वेगळी लागते. मला दिलेली आरसीची झेरॉक्स 'ओरिजिनल आठ दिवसांत' या बोलीवर घेतलेली. तो नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर टाकला तर शेतीचा ट्रेलर निघाला, म्हणजे कुणाची तरी ट्रॅक्टरची ट्रॉली. आणि बिल? त्यावर कॅरॅव्हॅन हा शब्दच नाही. 'लोखंडी केबिन, फॅब्रिकेशन मजुरी' असं लिहिलंय, आणि रक्कम फक्त ऑनलाइन दिलेली. रोख दिलेल्या दोन लाखांचा कुठेच उल्लेख नाही. बिल हातात घेतलं तेव्हा मी फक्त खालची सही बघितली होती.

पोलिसांत अर्ज दिलाय, जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून कुणी माझ्यासारखं अडकलं असेल तर थांबू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. माझ्या कामाला काट्याच्या दोन्ही पावत्या, ड्रम उघडतानाचा व्हिडिओ आणि फोनवरचे मेसेज येताहेत. घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: उरलेले पैसे देण्याआधी टाकी भरून, विक्रेत्यासमोर, गाडीपासून सोडवून काट्यावर चढवा, आणि एक चाक काढायला लावा. तयार नसेल तर इसार सोडून द्या. माझे 50,000 गेले असते, एवढंच.

आईला त्यानंतर बसने नेलं, कमोड असलेल्या खोल्या आधी फोन करून ठरवल्या. समुद्रात पाय बुडवून ती बराच वेळ उभी होती.

मागच्या आठवड्यात त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. कॅरॅव्हॅन माझ्यापेक्षा दोन फूट लांब आहे, आत तीन बर्थ. फोटो मोठा करून बघितला. दाराशेजारी तशीच ॲल्युमिनिअमची पाटी आहे, आणि तिच्यावर 850 किलो लिहिलंय.