लिनक्सही, फ्रीबीएसडीही: सिस्टमडी, ओपनआरसी की रनिट?

मशीनवर सर्व्हिस (मागे सतत चालणारे प्रोग्राम) सुरू करणं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं, हे या तिघांचं काम. सगळे सर्व्हर लिनक्सचे असतील तर सरळ सिस्टमडी वापरा आणि पुढचं वाचू नका. निम्मे फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमवर असले आणि आपली सर्व्हिस दोन्हीकडे चालवायची असली, की खरी पंचाईत होते.

सिस्टमडी २०१० मध्ये आलं ते लिनक्ससाठीच. त्याची ताकद कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसचे गट बांधण्याच्या सोयीत आहे. मूळ प्रोसेस मेली तरी तिच्या चाइल्ड प्रोसेस निसटत नाहीत, आणि मेमरीची मर्यादा अख्ख्या सर्व्हिसला मिळून लागते. फ्रीबीएसडीत सीग्रुप नाही. तिथे प्रोसेस वेगळ्या कोंडून ठेवणारी जेल आहेत, मर्यादेसाठी आरसीटीएल आहे, पण घडण निराळी. डेबियन या डिस्ट्रिब्युशनने २०१४ मध्ये सिस्टमडी निवडलं तेही फक्त लिनक्सपुरतं. फ्रीबीएसडीच्या कर्नलवरच्या डेबियनला ते वापरणं शक्यच नव्हतं. डेबियनची ती आवृत्ती २०२३ मध्ये बंद पडली. त्याचं खापर एकट्या सिस्टमडीवर फोडू नये, काम करणारी माणसंच उरली नव्हती.

ओपनआरसी जेंटू या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमधून आलं, अल्पाइन या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनमध्ये तेच असतं, आणि ते फ्रीबीएसडी व नेटबीएसडीवरही चालतं. कागदावर हेच उत्तर. पण फ्रीबीएसडीचं सर्व्हिस असलेलं पॅकेज आपली स्टार्टअप स्क्रिप्ट आरसी.डी या तिथल्या मूळ व्यवस्थेसाठी घेऊन येतं. आरसी.डी काढून ओपनआरसी बसवलं तर त्या स्क्रिप्ट सांभाळायचं काम तुमच्या गळ्यात. फ्रीबीएसडीवर आधारलेल्या घोस्टबीएसडीने काही वर्षं हा प्रयोग केला आणि परत आरसी.डी धरलं.

माझं मत रनिटला, पण पीआयडी १ (कर्नलने सुरू केलेली पहिली प्रोसेस, म्हणजेच इनिट) म्हणून नाही. मूळ इनिट जिथलं तिथे राहू द्या. लिनक्सवर एक सिस्टमडी युनिट (सिस्टमडीची सर्व्हिस-फाइल), फ्रीबीएसडीवर एक आरसी.डी स्क्रिप्ट, दोन्हींनी फक्त रनएसव्हीडीर हा रनिटचा मुख्य प्रोग्राम सुरू करायचा. त्याखाली प्रत्येक सर्व्हिस सुरू करणारी 'रन' फाइल दोन्हीकडे तीच. ती साध्या एसएच शेलमध्ये लिहा. फ्रीबीएसडीत बॅश मुळात नसतं, आणि टाकलं तरी ते बिन फोल्डरमध्ये नाही, यूएसआर-लोकलखाली जातं. रन फाइलच्या शेवटी एक्झेक (स्क्रिप्टच्या जागीच सर्व्हिस चालवणारी कमांड) हवंच, कारण रनिट फक्त आपल्या थेट चाइल्डवर नजर ठेवतं. बॅकग्राउंडला पळणारी सर्व्हिस त्याला मेलेलीच वाटते, आणि ते सेकंदाने दुसरी सुरू करतं.

याची किंमत लिनक्सवर मोजावी लागते. सगळ्या सर्व्हिस एकाच युनिटखाली, म्हणजे एकाच सीग्रुपमध्ये येतात. सिस्टमडीची प्रत्येक सर्व्हिसमागची मर्यादा गेली. रनिटच्या सीएचपीएसटी कमांडने मर्यादा घालता येते, दोन्ही कर्नलवर, पण ती एकेका प्रोसेसला लागते, अख्ख्या गटाला नाही. सर्व्हिस वर्कर प्रोसेस काढत असेल तर हे महागात पडेल. क्रमही रनिट लावत नाही: डेटाबेस आधी हवा असेल तर रन फाइलमध्येच 'एसव्ही चेक' करा, तयार नसेल तर बाहेर पडा, रनिट पुन्हा प्रयत्न करतं.

हे प्रकरण ओबडधोबड वाटलं तर एस६ हे रनिटसारखंच काम करणारं सॉफ्टवेअर बघा. तेही दोन्हीकडे चालतं, आणि सर्व्हिस खरोखर तयार झाली का हे तिच्याकडूनच कळवून घेण्याची सोय त्यात आहे. शिकायला मात्र जड.