वॉर्डातल्या आठवणी ऐकायच्या असतील तर : व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट

लढाईवर बोलणाऱ्यांची कमतरता नाही. लढाईच्या काळात फौजेत चाकरी केलेल्या साध्या माणसाला समोर बसवून, मध्ये न तोडता बोलू देणारे मात्र थोडे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात, हे काम २००० सालापासून चालू आहे, व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट या नावानं. अमेरिकेच्या सैन्यात होऊन गेलेल्या लोकांच्या आठवणी तिथे जमा होतात आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याला घरबसल्या, एक पैसा न देता ऐकता-बघता येतात. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. आता हाताशी वेळ आहे, त्यामुळे हा संग्रह मी सवडीनं आणि मन लावून ऐकते. ऐकताना माझा कान साहजिकच नर्सेसकडे जातो, तेव्हा हे परीक्षणही त्याच बाजूनं वाचावं.

याची सुरुवात मला फार आवडते. रॉन काइंड हे तेव्हा काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, विस्कॉन्सिन राज्यातून निवडून आलेले सदस्य होते. घरच्या एका मेळाव्यात त्यांचे वडील आणि काका आपल्या फौजेतल्या दिवसांबद्दल बोलायला लागले. मुलांनी यातलं काहीच कधी ऐकलेलं नव्हतं. काइंडनी ते बोलणं कॅमेऱ्यात उतरवून घेतलं आणि घराघरातून हे व्हायला हवं म्हणून कायद्याचा प्रस्ताव आणला. दोन्ही पक्षांनी तो उचलून धरला आणि २७ ऑक्टोबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची त्यावर सही झाली. आज तिथे एक लाखाहून जास्त लोकांचे संग्रह आहेत, पहिल्या महायुद्धापासून इराक-अफगाणिस्तानपर्यंतचे.

ही मुलाखत घ्यायला कुणी मोठा इतिहासकार लागत नाही. नातू घेऊ शकतो, शेजारीण घेऊ शकते, वरच्या वर्गातली शाळकरी मुलंही घेतात. अट एवढीच की रेकॉर्डिंग किमान ३० मिनिटांचं हवं आणि ते संपादित केलेलं नको. ही दुसरी अट म्हणजे या संग्रहाचा प्राण आहे. माणूस बोलता बोलता थांबतो, पाणी पितो, एखादं नाव आठवत नाही म्हणून छताकडे बघत बसतो, आणि मग जे सांगायचं नव्हतं तेच सांगून टाकतो. कुणी कात्री लावली असती तर पहिल्यांदा हीच जागा उडाली असती. वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. पेशंट खरं काय ते राउंडच्या वेळी सांगत नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले, दिवे मंद झाले, की मग बोलतो.

मुलाखतीच नाहीत, मूळ पत्रं, फोटो, रोजनिशा, हातानं लिहिलेल्या आठवणीही घेतात. रेकॉर्डिंगवरचा हक्क ज्याची आठवण त्याच्याकडेच राहतो, ग्रंथालय फक्त वापरण्याची परवानगी घेतं. हे मला योग्य वाटतं. आणखी एक सूचना वाचून मी थबकले होते : सामान साध्या टपालानं पाठवू नका, खासगी कुरिअरनं पाठवा. कारण असं की तिथल्या सरकारी इमारतींकडे जाणारं टपाल सुरक्षा तपासणीतून जातं आणि त्यात टेप, फोटो खराब होऊ शकतात. ज्या घरात आजोबांची एकुलती एक कॅसेट आहे, त्या घरासाठी ही सूचना लाखमोलाची.

कागद किती सहज नाहीसे होतात याचं मोठं उदाहरण अमेरिकेतच आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त सर्व्हिस फाइली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात आर्मीतून बाहेर पडलेल्यांच्या जवळपास ८० टक्के फाइली त्यात होत्या. म्हणजे कितीतरी माणसांच्या बाबतीत ते कुठे होते, त्यांनी काय केलं, हे सांगणारा सरकारी कागद उरलेलाच नाही. त्यांच्यातला जो कुणी कॅमेऱ्यासमोर बसला, त्याचं बोलणं आता कागदाइतकंच मोलाचं आहे.

नव्यानं ऐकणाऱ्यानं फ्रँक बकल्स यांच्यापासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. पहिल्या महायुद्धातले हे शेवटचे हयात अमेरिकन सैनिक. २७ फेब्रुवारी २०११ रोजी वारले तेव्हा वय ११० होतं, आणि मुलाखत दिली तेव्हाही शंभरी उलटलेली. भरती झाले ते १६ व्या वर्षी, वय वाढवून सांगून. मरीन्सनी नाही म्हटलं, नेव्हीनं नाही म्हटलं, शेवटी आर्मीनं घेतलं. युरोपात गेले ते 'कार्पेथिया' जहाजानं, म्हणजे 'टायटॅनिक'मधून वाचलेल्यांना ज्या जहाजानं उचललं तेच. तिकडे त्यांनी मोटारी आणि रुग्णवाहिका चालवल्या. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. १९४१ मध्ये हे गृहस्थ जहाज कंपनीच्या नोकरीत मनिलाला होते, साधे नागरिक म्हणून. जपान्यांनी धरलं आणि तीन वर्षांहून जास्त काळ कैदेत काढला. एका माणसाच्या वाट्याला दोन्ही महायुद्धं, पहिलं गणवेशात आणि दुसरं कैदी म्हणून.

बकल्स यांची कैद जिथे संपली ती छावणी फिलिपीन्समधल्या लॉस बान्योसची. ते नाव ऐकलं आणि मी सरसावून बसले, कारण त्याच छावणीत नेव्हीच्या ११ नर्सेस होत्या. लॉरा कॉब त्यांच्या प्रमुख. फिलिपीन्स पडल्यावर आर्मीच्या ६६ आणि नेव्हीच्या ११ अशा ७७ नर्सेस जपान्यांच्या कैदेत गेल्या. आधी सगळ्या मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठातल्या छावणीत. १९४३ मध्ये नेव्हीच्या अकराजणी लॉस बान्योसला गेल्या आणि तिथे त्यांनी जवळजवळ काही नसताना इस्पितळ उभं केलं. कैदेतही पाळ्या लावल्या, ड्यूटी चुकवली नाही. अन्न इतकं कमी की शेवटी शेवटी पेशंट आणि नर्स दोघांचीही हाडं दिसत होती. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी पॅराशूटनं उतरलेले सैनिक आणि फिलिपिनो गनिमी तुकड्या यांनी मिळून दोन हजारांहून जास्त कैद्यांना तिथून सोडवलं. सगळ्या ७७ नर्सेस जिवंत परतल्या. पाळ्यांच्या शिस्तीनं माणूस तग धरतो असं आमच्या वरिष्ठ सिस्टर सांगायच्या. त्या अकराजणींची हकीकत कळली आणि ते बोलणं मला नव्यानं पटलं.

व्हिएतनामच्या नर्सेसच्या मुलाखती वेगळ्या आहेत. त्या मी सलग ऐकू शकत नाही. सुमारे ११ हजार स्त्रिया अमेरिकन सैन्यातर्फे तिथे गेल्या आणि त्यातल्या बहुतेक नर्सेस होत्या. पुष्कळजणी विशीतल्या, नुकतंच शिक्षण संपवलेल्या. बारा बारा तासांच्या पाळ्या, आठवड्यातले सहा दिवस, आणि हेलिकॉप्टर आलं की पाळी संपलेली असो वा नसो, पळायचं. हेलिकॉप्टरच्या आवाजाची आठवण या मुलाखतींमधून पुन्हा पुन्हा येते. घरी परतल्यावर किती वर्षांनीही तो आवाज कानावर पडला की अंग ताठ होतं. दुसरी गोष्ट ट्रायाजची, जखमींची प्रतवारी लावण्याची. आधी कुणाला आत घ्यायचं, कुणी थोडं थांबू शकेल, आणि कुणाला पडद्यामागे ठेवायचं, कारण त्याच्यावर लागणाऱ्या वेळात तिघं-चौघं वाचतील. त्या पडद्यामागच्या मुलाजवळ कुणीतरी बसायचं असतं. ते काम नर्सकडे येतं. प्रतवारीचा नियम सांगताना आवाज सरळ असतो, पडद्यामागचं सांगायला लागल्या की बदलतो. लेखी इतिहासात प्रतवारी सापडेल, हा आवाज सापडणार नाही. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या काळ्या भिंतीवर आठ स्त्रियांची नावं आहेत आणि त्या आठहीजणी नर्सेस होत्या. जिवंत परतलेल्यांच्या कामाची आठवण म्हणून स्त्रियांचं स्मारक उभं राहायला ११ नोव्हेंबर १९९३ उजाडावा लागला. इतकी वर्षं न बोललेल्या बायका कॅमेऱ्यासमोर बोलत आहेत, हे ऐकणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

आता उणिवा. मुलाखतकार हौशी असल्यामुळे दर्जा एकसारखा नाही. कुठे पंखा घरघरतो, कुठे कुत्रं भुंकतं, ते चालतं. खरा त्रास होतो प्रश्नांचा. कागदावरचा पुढचा प्रश्न विचारायच्या घाईत समोरच्याचं वाक्य तोडणारा मुलाखतकार भेटला की जीव हळहळतो. म्हातारा माणूस आत्ता कुठे त्या रात्रीपाशी पोचला होता आणि त्याला कुणी विचारतं, "बरं, पदकं कुठली मिळाली?" दुसरं म्हणजे सांगितलेलं सगळं कुणी पडताळून पाहिलेलं नाही. ग्रंथालय हे स्पष्टच सांगतं. पन्नास-साठ वर्षांनी तारखा सरकतात, युनिटांची नावं एकमेकांत मिसळतात. लढाईचा क्रम समजून घ्यायचा असेल तर इथे येऊ नये. पायातल्या ओल्या मोज्यांबद्दल समजून घ्यायचं असेल तर जरूर यावं. तिसरं, सगळा संग्रह ऑनलाइन नाही. काही नोंदींपुढे नुसतं नाव आणि माहिती असते, प्रत्यक्ष रेकॉर्डिंग ऐकायला वॉशिंग्टनच्या वाचनकक्षातच जावं लागतं.

मराठी वाचकाला ताबडतोब उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचं फील्ड किट. मुलाखत कशी घ्यायची याची पुस्तिका आणि नमुन्याचे प्रश्न, फुकट. आपल्या माणसांच्या आठवणी आपल्याला तिथे देता येत नाहीत, तो संग्रह अमेरिकन सैन्यापुरताच आहे. पण प्रश्न कुणीही वापरावेत. जेवण कसं होतं? सामान पुरेसं मिळायचं का? शकुन म्हणून काही जवळ ठेवायचात का? करमणूक काय होती? एकमेकांच्या खोड्या कशा काढायचात? शौर्याबद्दल विचारलं की फौजी माणूस दोन वाक्यांत विषय संपवतो. खोड्यांबद्दल विचारलं की खुर्ची पुढे ओढतो.

मी हे प्रश्न आमच्या एका निवृत्त मेट्रन मॅडमना विचारले. १९७१ च्या लढाईत त्या एका लष्करी इस्पितळात सर्जिकल वॉर्डला होत्या. लढाईबद्दल विचारल्यावर म्हणाल्या, "सगळ्यांनी केलं तेच केलं." मग सामानाचा प्रश्न विचारला आणि त्या थांबेचनात. काचेच्या सिरिंज. नळीवर आणि आतल्या दट्ट्यावर एकच नंबर असायचा, उकळताना अदलाबदल झाली की सिरिंज गळायची. म्हणून रात्री ब्लॅकआउटमध्ये, खिडक्यांना काळे कागद लावलेले, टॉर्चला फडकं गुंडाळलेलं, आणि त्या उजेडात नंबर जुळवत बसायचं. रबरी हातमोजे धुऊन वाळवायचे, पाण्यात बुडवून भोक आहे का ते बघायचं, ठिगळ लावायचं, पावडर मारून पुन्हा गुंडाळायचे. "ठिगळाचा मोजा साहेबांना द्यायचा नाही, तो आम्ही ड्रेसिंगला घालायचो," असं सांगताना त्यांनी बोटं अशी ताणून दाखवली की मोजा मला दिसला. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

अशा प्रकारची आणखी दोन ठिकाणं माझ्या ऐकण्यात आहेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमनं १९७२ पासून आवाजांचा संग्रह करायला सुरुवात केली. तिथले मुलाखतकार कसलेले आहेत आणि प्रत्येक रिळात काय आहे याचं टिपण दिलेलं असतं, त्यामुळे हवी ती जागा पटकन सापडते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या 'ऑस्ट्रेलियन्स ॲट वॉर' संग्रहात दोन हजारांहून जास्त मुलाखती आहेत आणि सोबत पूर्ण शब्दांकन मिळतं, उच्चार कळायला अवघड जाणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय. शोधाशोध आणि मुलाखतीची कसब यांत मी लंडनला वरचा नंबर देईन. तरी परत परत जाते ती अमेरिकन संग्रहाकडेच. नातीनं आजीला विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर मिळतं, ते परक्या तज्ज्ञाला मिळत नाही.

कुठून सुरू करावं असा प्रश्न पडला तर आपल्या ओळखीच्या मुलखातून शिरावं. दुसऱ्या महायुद्धात पुष्कळ अमेरिकन सैनिक आसामात होते, लेडोहून ब्रह्मदेशात रस्ता बांधायला, आणि हिमालयाच्या टोकावरून चीनमधल्या कुनमिंगला विमानं न्यायला. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडी शोधली की त्यांच्या मुलाखती मिळतात. पाऊस, चिखल, जळवा, मलेरिया, ढगात हरवलेली विमानं, सगळं आपल्या परिचयाचं. इंग्रजीचा वेग अंगवळणी पडेपर्यंत एका बैठकीत एकच मुलाखत ऐकावी आणि हेडफोन लावूनच ऐकावी, जुन्या रेकॉर्डिंगमधला हलका आवाज स्पीकरवर निसटतो. आणि घरात कुणी फौजी असेल तर फील्ड किटचे प्रश्न आधी मराठीत लिहून काढावेत, रेकॉर्डरच्या बॅटऱ्या तपासाव्यात, आणि पहिला प्रश्न जेवणाचा विचारावा.